गाणं आपलं, मास्टर कुणाचा?

बँडमधली मुलं-मुली करार वाचून घ्यायला येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ॲडव्हान्स किती मागू?’ माझ्या मते हा प्रश्न बराच नंतर यायला हवा. आधी विचारायचं ते हे, की रेकॉर्डिंग झाल्यावर मास्टर कुणाच्या नावावर राहणार आणि किती वर्षं. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. बावीस वर्षांच्या गिटारिस्टनं आज ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली सही केली, तर तो ब्याऐंशीचा होईपर्यंत ते मुद्रण दुसऱ्याच्या मालकीचं राहू शकतं. ॲडव्हान्सची रक्कम मात्र एक व्हिडिओ, एक नवा ॲम्प आणि दोन गावांचा प्रवास एवढ्यात संपते.

ज्यांची स्वतःची पाच-सहा गाणी, म्हणजे सीनमध्ये ज्यांना ओसी म्हणतात ती, तयार आहेत, कॉलेज फेस्ट आणि एखाद-दोन पबमध्ये वाजवून झालंय आणि आता पहिला ईपी काढायचाय, अशा बँडसाठी हे लिहितोय. रॉक बँडचं उदाहरण धरलंय, कारण तिथे चार-पाच जण जॅमरूममध्ये बसून गाणं बांधतात. कुणाचा रिफ, कुणाचे शब्द, कुणी सुचवलेला ब्रेक, हे पुढे कुणालाच नीट आठवत नाही आणि मालकीचा गुंता तिथूनच सुरू होतो.

एका गाण्याचे दोन हक्क

शब्द आणि चाल हा एक भाग. त्या शब्दांचं आणि चालीचं स्टुडिओत झालेलं मुद्रण, म्हणजे मास्टर, हा दुसरा. पहिल्या भागाचा हक्क गीतकार आणि संगीतकाराला रचना कागदावर किंवा फोनवर उतरली की आपोआप मिळतो, आणि त्यांच्या निधनानंतरही ६० वर्षं राहतो. दुसऱ्या भागाचा हक्क मुद्रणाच्या निर्मात्याकडे जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्माता कोण, तर ज्यानं ते मुद्रण करण्यात पुढाकार घेतला आणि त्याची जबाबदारी उचलली तो.

ही व्याख्या दोनदा वाचा. ओळखीच्या एखाद्या इव्हेंटवाल्यानं मोठ्या मनानं स्टुडिओचं बिल भरलं आणि पावती त्याच्या कंपनीच्या नावानं फाडली गेली, तर गाणं चालल्यावर ‘पुढाकार माझा होता’ असं म्हणायला त्याच्याकडे कागद असतो. तुमच्याकडे काहीच नसतं. म्हणून स्टुडिओची पावती बँडच्या नावानं घ्या. पैसे दुसऱ्या कुणी दिले असतील तर ते कर्ज, भेट की भागीदारी, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. एका गाण्यासाठी बोलावलेला कीबोर्डवाला, कोरसला आलेली मैत्रीण, स्वतःहून दोन लूप टाकणारा साउंड इंजिनिअर, या सगळ्यांकडून मानधन देतानाच एक ओळ लिहून घ्या: हे मानधन मिळालं, मुद्रणावर माझा मालकी हक्क नाही, नावाचा उल्लेख अमुक पद्धतीनं व्हावा. असा कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं आपल्याकडे वाटतं. पण नावाचा उल्लेख आणि रक्कम लेखी मिळणं हे त्या कलाकाराच्याही फायद्याचंच असतं.

हे दोन हक्क वेगळे असल्याचा उपयोग काय, ते टेलर स्विफ्टच्या बाबतीत जगानं पाहिलं. २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर तिच्या हातात नसताना विकले गेले. पण रचनेचा हक्क तिच्याकडे होता, म्हणून २०२१ पासून तिला तीच गाणी पुन्हा मुद्रित करून स्वतःच्या मालकीची करता आली, आणि २०२५ मध्ये तिनं जुने मास्टरही विकत घेतले. तिच्या या पुनर्मुद्रणांपासून कंपन्या पुनर्मुद्रणाच्या कलमाकडे फार बारकाईनं बघतात. तुमच्या करारात ‘अमुक वर्षं हे गाणं पुन्हा रेकॉर्ड करणार नाही’ असं वाक्य असेल, तर तो आकडा जितका खाली येईल तितका आणा.

बँडच्या आतलं वाटपही गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी लिहायचं. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्केवारी किती, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. एवढं पुरतं. टक्केवारी ठरवताना तरुण बँडना मी समान वाटणीचा आग्रह धरतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या आर.ई.एम. या बँडनं आपल्या गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावानं दिलं, मग मूळ कल्पना कुणाचीही असो. तो बँड १९८० पासून २०११ पर्यंत टिकला. श्रेयाच्या समान वाटणीमुळेच टिकला असं म्हणणार नाही, पण भांडणाचं एक मोठं कारण त्यांनी सुरुवातीलाच काढून टाकलं होतं.

लेबलचा हिशेब

स्टीव्ह अल्बिनी हा शिकागोचा ध्वनिमुद्रक आणि गिटारवादक होता. निर्वाणा या बँडच्या ‘इन युटेरो’ अल्बमचं मुद्रण त्यानं केलं आणि विक्रीतला वाटा न घेता फक्त ठरलेली फी घेतली. १९९३ मध्ये त्यानं ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एका काल्पनिक पण त्या काळच्या नेहमीच्या करारांवर बेतलेल्या बँडचा जमाखर्च मांडला. अडीच लाख प्रती विकल्या जातात. लेबलला ७ लाख १० हजार डॉलर सुटतात. निर्माता, मॅनेजर, स्टुडिओ, वकील, सगळ्यांचं पोट भरतं. आणि बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती वर्षाकाठी पडतात ४,०३१ डॉलर. वर लेबलच्या वहीत बँडच्या नावावर १४ हजार डॉलर उधारी निघते. ॲडव्हान्सची चर्चा चालू असेल तर सही करण्याआधी हा लेख बँडमध्ये मोठ्यानं वाचावा, इतका तो उपयोगाचा आहे.

आकडे आपल्याकडचे घेऊन तीच रीत बघू. समजा, लेबल तुमच्यावर ६ लाख रुपये खर्च करतं. अडीच लाख रेकॉर्डिंग, दोन लाख व्हिडिओ, एक लाख प्रसिद्धी आणि ५० हजार रोख तुमच्या हातात. करारात रॉयल्टी १५ टक्के, आणि खर्च ‘कलाकाराच्या रॉयल्टीतून’ वसूल करायचा असं लिहिलंय. तीन वर्षांत गाण्यांनी २० लाख कमावले. त्यातले १५ टक्के म्हणजे ३ लाख तुमचे. पण ते तुम्हाला मिळत नाहीत, ६ लाखांच्या उधारीत वळते होतात आणि अजून ३ लाख बाकी दिसतात. तिकडे लेबलच्या गल्ल्यात २० लाख आले, त्यातून त्याचे ६ लाख केव्हाच निघाले आणि वर १४ लाख उरले. तुमचं खातं शून्यावर यायला गाण्यांनी ४० लाख कमवायला लागतील. चौघांच्या बँडला या सगळ्यात प्रत्येकी साडेबारा हजार मिळाले, तेही पहिल्याच दिवशी.

आता वसुलीची ओळ आणि तिच्याबरोबर वाटणी बदला. खर्च ‘एकूण उत्पन्नातून’ आधी वसूल व्हावा आणि उरलेला नफा निम्मा-निम्मा वाटावा. तेच २० लाख, तोच ६ लाखांचा खर्च. उरले १४ लाख, तुमचे ७. लेबलनं एक रुपयाही बुडवलेला नाही. कलाकाराच्या १५ टक्क्यांतून वसुली, की एकूण उत्पन्नातून वसुली आणि मग निम्मा नफा, या दोन करारांत ७ लाखांचं अंतर आहे. टक्केवारीवर तासभर घासाघीस करणारे बँड वसुलीच्या ओळीवरून सरळ पुढे जातात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

निम्म्या वाटणीची ही पद्धत कुठल्या आदर्श जगातली नाही. शिकागोचं टच अँड गो हे लेबल वर्षानुवर्षं तोंडी बोलीवर निम्मा-निम्मा नफा वाटत आलं. मात्र बोली तोंडी असल्यामुळे मुदत कुठेच ठरलेली नव्हती, आणि बटहोल सर्फर्स या बँडशी बिनसल्यावर प्रकरण अमेरिकेच्या अपील न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये निकाल लागला की मुदत नसलेला असा परवाना बँड हवा तेव्हा संपवू शकतो. वाटणी न्याय्य होती, तरी ती लिहून न ठेवल्याचा फटका लेबलला बसला. माणसं चांगली आहेत म्हणून कागद नको, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मी लेबलच्या विरोधात नाही. चांगलं लेबल प्रेसपर्यंत पोचवतं, परदेशातल्या फेस्टिव्हलचा दरवाजा उघडतं, जाहिरात आणि वेब सीरिजसाठी गाणं विकतं. ही कामं स्वतः करायला बँडमधला एक माणूस पूर्णवेळ लागतो. माझं म्हणणं इतकंच, की घर विकू नका, भाड्यानं द्या. करारात ‘असाइनमेंट’ असेल तर मालकी जाते, ‘लायसन्स’ असेल तर ठरावीक काळासाठी वापराचा परवाना जातो. पाच किंवा सात वर्षांचं लायसन्स मागा आणि मुदत संपल्यावर मास्टर आपोआप परत येईल असं लिहून घ्या.

कायदा इथे तुमच्या बाजूनं बराच उभा आहे, फक्त तो माहीत हवा. हक्क देण्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. ज्यानं हक्क घेतले त्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते हक्क परत येतात. तुमचा ईपी ‘योग्य वेळी काढू’ म्हणत कपाटात ठेवून देणाऱ्यांसाठी हे कलम आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सगळ्यात मोठी गोष्ट दिली ती ही, की गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतल्या आपल्या समान वाट्यावर पाणी सोडूच शकत नाहीत. तो वाटा फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. करारात ‘एकरकमी मानधनात सर्व रॉयल्टीचा समावेश’ असं कुणी घातलं असेल, तर रचनेच्या बाबतीत ते वाक्य टिकत नाही.

मग लेबलचे वकील काय करतात? जिथे कायदा ‘करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास’ म्हणतो, तिथे ते वेगळं लिहितात. ‘संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या प्रत्येक माध्यमात’ ही ओळ तुम्हाला हमखास दिसेल. तिला घाबरून सहीही करू नका आणि कागद फाडूही नका. विश्वाच्या जागी देशांची नावं, कायमच्या जागी वर्षं आणि प्रत्येक माध्यमाच्या जागी माध्यमांची यादी लिहून परत पाठवा. खरोखर तुमच्या गाण्यात रस असलेलं लेबल या तिन्हींवर बोलायला बसतं.

ॲडव्हान्स कुणाकडून घ्यायचा

लेबल नको म्हटलं की पैशाचा प्रश्न उरतोच. त्याचं मला आवडणारं उत्तर वॉशिंग्टन शहरातल्या कोवळ्या पोरांनी १९८० मध्ये दिलं. टीन आयडल्स नावाचा त्यांचा पंक बँड वर्षभरात मोडला. पण सगळ्या गिग्जचे पैसे त्यांनी खर्च न करता सिगारच्या एका खोक्यात साठवले होते. ते साधारण ६०० डॉलर निघाले. वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्या पैशात आठ गाण्यांची तबकडी काढली, हजार प्रती. कव्हरं स्वतः कापली, दुमडली, चिकटवली. त्या तबकडीसाठी सुरू झालेलं डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स हे लेबल पुढे उभं राहिलं. त्यातल्याच इयन मकाय यानं नंतर फुगाझी बँड काढला, तिकिटं पाच डॉलरच्या आसपास ठेवली आणि मोठ्या कंपन्यांकडे न जाता आपले सगळे अल्बम तिथूनच काढले.

यातलं उचलण्यासारखं आहे ते सिगारचं खोकं. गिगचे पैसे आले की त्याच रात्री वाटून टाकायचे आणि रेकॉर्डिंगच्या वेळी घरच्यांकडे हात पसरायचे, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. त्याऐवजी दर गिगच्या रकमेतून आधी प्रवास आणि साउंडचा खर्च काढा, मग उरलेल्याचा निम्मा हिस्सा बँडच्या खात्यात टाका आणि बाकीचा वाटा. निम्मा जड वाटत असेल तर तीस टक्के ठेवा, पण तो आधी बाजूला काढा.

दुसरी वाट ब्रिटनच्या मॅरिलियन या बँडची. इएमआयपासून वेगळे झाल्यावर त्यांच्याकडे अमेरिका दौऱ्याचे पैसे नव्हते. १९९७ मध्ये चाहत्यांनीच जवळपास ६० हजार डॉलर जमवून त्यांना तिकडे नेलं. मग बँडनं पुढचा विचार केला. न लिहिलेल्या अल्बमची आगाऊ नोंदणी घ्यावी का, असं ई-मेलनं चाहत्यांना विचारलं, आणि बारा हजारांवर लोकांनी आधी पैसे भरले. २००१ चा तो अल्बम बँडच्या मालकीचा राहिला. अर्थात त्यांच्यामागे ऐंशीच्या दशकातली कीर्ती आणि ई-मेल पत्त्यांची मोठी यादी होती. तुमच्याकडे दोनशे लोक असतील तर दोनशेंचाच अंदाज धरा. पण ती यादी आजपासून करा. प्रत्येक गिगला टी-शर्टच्या टेबलावर वही ठेवा आणि नाव, शहर, ई-मेल लिहून घ्या. सोशल मीडियावरचे फॉलोअर त्या त्या कंपनीच्या मर्जीवर असतात, वहीतले तुमचे असतात.

आगाऊ नोंदणी घेताना एक धोका सांभाळा. सीडी, टी-शर्ट, सही केलेलं पोस्टर असं भरमसाट आश्वासन दिलं की छपाई आणि कुरिअरमध्येच अर्धी रक्कम जाते. एक वस्तू आणि डाउनलोड, यापलीकडे पहिल्यांदा जाऊ नका.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर इंडियन ओशन आहे. आधीचे अल्बम एचएमव्ही आणि टाइम्स म्युझिकसारख्या कंपन्यांकडून काढल्यावर त्यांनी २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ची गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करत, त्याचा हा पत्ता. पोट कार्यक्रमांवर चालतं, मग गाणं जास्तीत जास्त कानांपर्यंत गेलेलं बरं, हा त्यामागचा हिशेब मला पटतो. मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शनच्या साहिल माखिजा यांनी डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स काढून स्वतःच्या बँडबरोबर इतरांचंही मेटल प्रकाशित केलं. मोठ्या कंपन्या ज्या संगीताकडे बघत नव्हत्या, त्याला घर मिळालं.

स्टुडिओपासून श्रोत्यापर्यंत

स्टुडिओचं मीटर तासावर पळतं, जॅमरूमचं ताशी भाडं त्यापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून चुका जॅमरूममध्ये करा. महिनाभर आधीपासून क्लिक ट्रॅकवर सराव करा, टेम्पो लिहून ठेवा, गाण्याची रचना पक्की करा. मोठी खोली आणि भरपूर माइक लागतात ते ड्रम्ससाठी, तेवढेच स्टुडिओत घ्या. गिटार आणि बेसचा कोरा सिग्नल घरच्या इंटरफेसवर घेऊन नंतर ॲम्पमधून काढता येतो. व्होकल्ससाठी मात्र चांगला माइक आणि शांत खोली यावर काटकसर करू नका, लोक आधी आवाज ऐकतात. मिक्सिंग आणि मास्टरिंग वेगवेगळ्या माणसांकडून करून घ्यावं. दोन महिने तेच गाणं ऐकलेल्या कानाला त्यातला दोष ऐकू येत नाही.

पैसे चुकते करताना मास्टर फाइलबरोबर सगळे स्टेम्स, मूळ सेशन आणि गाण्याची व्होकल्सशिवायची आवृत्ती हार्ड डिस्कवर घ्या. जाहिरातवाले हीच आवृत्ती मागतात आणि तेव्हा स्टुडिओचा संगणक बदललेला असतो. दोन प्रती करून दोन घरांत ठेवा.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन या ठिकाणी थेट गाणं टाकता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड आणि ट्यूनकोर वर्षाची वर्गणी घेतात. सीडी बेबी एकदाच फी घेतं आणि उत्पन्नातून ९ टक्के कापतं. वर्गणीच्या व्यवस्थेत पैसे भरणं थांबलं की गाणी उतरवली जाऊ शकतात, हे बँड मोडल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही. दरवर्षी गाणी काढणार असाल तर वर्गणी स्वस्त पडते, एकच ईपी काढून थांबणार असाल तर एकरकमी फी बरी.

प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात आणि तोच क्रमांक वापरलात, तर ऐकल्याची जुनी मोजदाद टिकते. नव्या क्रमांकानं टाकलंत तर शून्यापासून सुरुवात. गाणं प्रकाशनाच्या चार आठवडे आधी अपलोड करा, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे शिफारस करायची तर किमान सात दिवस आधी करावी लागते. बँडचं नाव आणि गाण्याचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. गीतकार-संगीतकारांची कागदोपत्री असलेली पूर्ण नावं भरा, टोपणनावं नकोत, नाहीतर रॉयल्टी जुळत नाही.

स्ट्रीमिंगमधून काय मिळेल याचा अंदाज कमीच धरा. एका ऐकण्यामागे ठरलेला दर नसतो. वर्गणी आणि जाहिरातीची त्या महिन्याची रक्कम ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते, आणि आपल्याकडे जाहिराती सोसून फुकट ऐकणारे फार. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम्स नाहीत, त्याचे पैसे मुळी मिळतच नाहीत. म्हणून पहिल्या वर्षी स्ट्रीमिंगच्या उत्पन्नावर खर्चाची बाजू उभी करू नका. ‘अमुक हजारात प्लेलिस्टमध्ये घालून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खोटे स्ट्रीम्स पकडले गेले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरला दंड करतं, डिस्ट्रिब्युटर तो तुमच्याकडून वसूल करतो किंवा गाणं काढून टाकतो. बँडकॅम्पवर श्रोता थेट विकत घेतो आणि ते डिजिटलवर १५ टक्के, वस्तूंवर १० टक्के घेतात. परदेशातल्या मराठी आणि भारतीय श्रोत्यांसाठी हे दुकान उघडून ठेवावं.

आता पुष्कळ बँड विसरतात तो पैसा. डिस्ट्रिब्युटर देतो ती मास्टरची कमाई. शब्द-चालीची रॉयल्टी वेगळी गोळा होते, आणि ते काम १९६९ मध्ये स्थापन झालेली मुंबईची आयपीआरएस ही संस्था करते. बँड म्हणून सभासद होता येत नाही. गीतकार आणि संगीतकारानं आपापल्या नावानं व्हायचं असतं, आणि प्रत्येक गाणं टक्केवारीसह नोंदवायचं असतं. वर सांगितलेला सह्यांचा कागद इथे लगेच कामी येतो. कॉपीराइट कार्यालयात नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. रचनेसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. यूट्यूबकडून कमाई सुरू झाली की करविषयक माहिती भरा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या रकमेवर तिथला कर कापला जातो. भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर १५ टक्के, नाही घेतला तर ३० टक्के.

बँडचं खातं, बँडचं नाव

गिगची फी व्होकलिस्टच्या खात्यात येते, तो सगळ्यांना यूपीआयनं वाटतो आणि कर विभागाच्या नोंदीत ती सगळी त्याचीच कमाई दिसते. कंपनी फी देताना १० टक्के टीडीएस कापते तोही त्याच्याच पॅनवर जमा होतो. परताव्याच्या वेळी भांडण ठरलेलं. वर्षाकाठी ५० हजारांपर्यंतच्या फीवर हा टीडीएस नसतो, म्हणून पहिली दोन वर्षं कुणाला कळत नाही. गिग्ज नियमित सुरू झाली की भागीदारीचा करार करा, फर्मचं पॅन काढा आणि चालू खातं उघडा. करार नसला तरी १९३२ चा भागीदारी कायदा तुम्हाला लागू होऊ शकतो, आणि त्यात वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान वाटायचा असतो. म्हणजे ड्रमरनं सगळ्यांच्या नावानं घेतलेल्या पीए सिस्टिमच्या कर्जातही तुम्ही समान वाटेकरी ठरता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी आला, तेव्हा मात्र सीए गाठा.

फीचं पत्र घेतल्याशिवाय गाडीत सामान चढवू नका. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली साउंडचेकनंतर आणि स्टेजवर जाण्याआधी. ड्रमकिट आणि ॲम्प कोण देणार, प्रवास-मुक्काम कुणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ रक्कम कुणाची, एवढं तरी त्यात हवं. डोअर डील असेल तर तिकिटं कोण मोजणार तेही लिहा. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद होतात, आणि शेवटच्या बँडचा वेळ नेहमी पहिल्यांदा कापला जातो. वेळ कापला तरी फी कापली जाणार नाही हे वाक्य मी प्रत्येक पत्रात घालायला सांगतो. रंगभवनसारखं रॉकचं हक्काचं मैदान मुंबईनं आवाजाच्या नियमांपायी गमावलं, तेव्हापासून ही चणचण आहे आणि तिचा भार सगळ्यात धाकट्या बँडवर येतो.

बँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतं. एका वर्गासाठी व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये लागतात, आणि कार्यक्रमांसाठी ४१ वा वर्ग. अर्ज कुणा एकाच्या नावानं करू नका, भागीदारांच्या नावानं करा. अर्जाआधी त्या नोंदवहीत आणि स्ट्रीमिंगवर तेच नाव आधीपासून आहे का ते शोधा. दहा गाणी काढल्यावर नाव बदलायला लागणं फार महागात पडतं.

आणि भागीदारीच्या करारात एक कलम पहिल्याच दिवशी घाला, सगळे एकमेकांचे जिवलग असताना. कुणी सोडून गेलं तर काय? गेलेल्या माणसाचा रचनेतला वाटा कायम राहतो, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. मास्टरच्या उत्पन्नातला वाटा त्यानं वाजवलेल्या मुद्रणांपुरता राहावा. नाव बँडकडे राहावं. सामान ज्याच्या पैशाचं त्याचं, सामायिक पैशातून घेतलेलं असेल तर त्या दिवशीच्या किमतीनं हिशेब करावा. डिस्ट्रिब्युटर, यूट्यूब आणि ई-मेल यांचे पासवर्ड दोघांकडे असावेत आणि जाणाऱ्यानं महिन्याच्या आत सुपूर्द करावेत. नवा माणूस आला तर त्याचा वाटा पुढच्या गाण्यांपासून सुरू व्हावा. करार दोन पानांचा झाला तरी चालेल, स्टॅम्प पेपरवर करा आणि प्रत्येकाच्या घरी एक प्रत राहू द्या.